बाबा नाही म्हणाले तरी

मूल कोमेजत चालले आहे हे आईला दिसते, पण घरातला कर्ता पुरुष ‘ही सगळी थेरं आहेत’ असे म्हणून विषय मिटवून टाकतो. अशा वेळी दिल्लीसारख्या परक्या शहरात आईने आणि मुलाने कुणाचे दार ठोठवायचे?

द्वारका, मयूर विहार, नोएडा, गुरुग्राम, कुठल्याही सोसायटीतले चित्र घ्या. अकरावीतली मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि पलंगावर पडून राहते. आवडीची भेंडीची भाजी केली तरी दोन घास खाऊन उठते. रात्री दोनला खोलीत दिवा दिसतो, सकाळी मात्र उठवता उठवत नाही. कधीमधी डोके दुखते, पोट दुखते. मैत्रिणीचा फोन आला तर ‘नाही म्हणून सांग’ म्हणते. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर धीर करून बोलते.

‘‘बाबा, मला एखाद्या डॉक्टरांशी बोलायचंय. मला काहीच बरं वाटत नाही.’’

‘‘कसले डॉक्टर? तुला कमी काय आहे? स्वतःची खोली आहे, मोबाइल आहे, एसी आहे. आमच्या वेळी असं काही नव्हतं.’’

‘‘अहो, एकदा दाखवून तर आणू,’’ आई म्हणते.

‘‘तूच लाडावून ठेवलं आहेस तिला. मोबाइल काढून घे, सगळं ठीक होईल.’’

मुलगी ताट घेऊन उठते आणि त्यानंतर हा विषय पुन्हा काढत नाही. बाबांना वाटते, प्रश्न सुटला. खरे तर तिथूनच तो वाढत असतो, कारण ज्या मुलीने तोंड उघडले होते तिने ते आता बंद केलेले असते.

उदासी आणि आजार

परीक्षेत गुण कमी पडले, मैत्री तुटली, बदलीमुळे शाळा सुटली की या वयातली मुले उदास होतातच. ती उदासी चार दिवसांत ओसरते. मैत्रिणीबरोबर सरोजिनी नगरच्या बाजारात फेरफटका मारला तरी चेहरा खुलतो. नैराश्याचा आजार मात्र खुलू देत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन बुडालेले राहते आणि पूर्वी जे आवडायचे त्यातला रस जातो. झोप, भूक, एकाग्रता बिघडते. अंगात त्राण राहत नाही. आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांना ओझे आहोत असे वाटू लागते.

किशोरवयात एक फसवी गोष्ट असते. मोठ्या माणसाचे नैराश्य रडण्यातून दिसते, मुलांचे पुष्कळदा चिडचिडेपणातून दिसते. मुलगा दार आपटतो, उलट बोलतो, धाकट्या भावावर खेकसतो. घरच्यांना हा उर्मटपणा वाटतो आणि त्याला औषधही उर्मटपणाचेच दिले जाते, म्हणजे बोलणी, शिक्षा, कधी एखादी थप्पड. मोबाइल काढून घेतल्याने झोप थोडी सुधारेलही, पण आजार हटणार नाही. उलट ज्या एका मित्राशी तो रात्री बोलत होता, तो आधारही जाईल.

ही चार-दोन घरांचीच गोष्ट आहे असेही नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. १३ ते १७ या वयात मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. खेड्यांत ते ६.९ टक्के होते, तर महानगरांत १३.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दिल्ली या पाहणीत नव्हती, शेजारचा उत्तर प्रदेश होता. पण काळू सरायच्या शिकवणी वर्गांकडे सकाळ-संध्याकाळ धावणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दिल्ली याला अपवाद असेल असे वाटणार नाही.

नकारामागची भीती

नाही म्हणणारा बाप दुष्टच असतो असे मानण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो आणि भीती दाखवणे त्याला जमत नाही. पहिली भीती नावाची. महाराष्ट्रात ‘येरवडा’ किंवा ‘ठाणे’ म्हटले की लोक डोक्याकडे बोट नेऊन हसतात. उत्तरेत तेच काम ‘आग्रा’ हा शब्द करतो आणि दिल्लीतल्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘शाहदरा’. हा शाहदरा म्हणजे तिथले जुने मनोरुग्णालय. १९९३ मध्ये त्याच आवारात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इहबास ही मानसिक आजार व मेंदूविकारांवर उपचार, शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था उभी राहिली. आज तिथल्या बाह्यरुग्ण विभागात लोक रांगेत उभे राहून तपासून घेतात आणि औषध घेऊन घरी जातात. पण तीस वर्षे उलटली तरी जुने नाव पुसले गेलेले नाही.

दुसरी भीती लग्नाची. मुलगी असेल तर ही आधी येते. ‘उद्या स्थळ आले आणि कुणी सांगितले तर?’ सतरा वर्षांच्या मुलीच्या आजाच्या झोपेपेक्षा सत्ताविसाव्या वर्षीच्या स्थळाची काळजी मोठी वाटावी, हे आपल्याकडेच घडू शकते. याच भीतीपोटी काही घरे डॉक्टरऐवजी एखाद्या बाबाकडे जातात, ताईत बांधतात, नजर उतरवतात. त्यात पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे महिने जातात.

तिसरी भीती गोळ्यांची: सवय लागेल, मूल गुंगीत राहील. हिचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण ती पूर्णपणे बिनबुडाची नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे आहे. नैराश्यावर मुलांना दिले जाणारे नेहमीचे औषध, फ्लुओक्सेटिन, त्या जातीचे नाही. त्याचे व्यसन लागत नाही, मात्र ते मनाने एकदम बंद करायचे नसते. गुण यायला काही आठवडे जातात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातल्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण सुरुवातीच्या दिवसांत काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार वाढलेले दिसले होते. म्हणूनच ही औषधे केमिस्टकडून परस्पर आणायची नसतात आणि पहिले काही आठवडे डॉक्टर मुलाला वारंवार बोलावतात.

दुसरी बाजूही त्याच वर्षीची आहे. १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर औषध आणि विचारांची घडी बदलणारे समुपदेशन, दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के सुधारली. नुसते औषध घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के, नुसते समुपदेशन घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के, आणि ज्यांना औषध म्हणून नुसतीच कोरी गोळी दिली होती त्यांच्यापैकी ३५ टक्के. आजार सौम्य असेल तर गोळीची गरज पडतेच असे नाही, समुपदेशनाने काम भागते. पण कुठला आजार सौम्य आणि कुठला नाही, हे जेवणाच्या टेबलावर ठरत नाही.

खर्चाची भीतीही असते. सरकारी रुग्णालयांत, म्हणजे एम्स, राममनोहर लोहिया, इहबास येथे, खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने अगदी थोडा येतो, वेळ मात्र द्यावा लागतो. विम्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कंपन्यांना सांगितले आहे की शारीरिक आजारासाठी जी सोय, तीच मानसिक आजारासाठी असली पाहिजे.

आईची सही पुरते का?

अठराच्या आतले मूल कायद्याने अज्ञान. त्यामुळे दवाखान्यात ‘पालक कुठे आहेत?’ हा प्रश्न येतोच. अनेक आयांना वाटते की नवऱ्याची परवानगी नसेल तर आपल्याला पाऊल उचलता येणार नाही. हा समज खोटा आहे. मुलाला तपासायला नेताना दोघांनीही हजर असावे अशी अट नसते. बरोबर आलेल्या पालकाची संमती डॉक्टर घेतात, मग ती आई का असेना.

ज्यांना कायद्याचा आधार हवा त्यांच्यासाठी दिल्लीचेच एक उदाहरण आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली, कारण १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात पालक म्हणून ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ फेब्रुवारी १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच घ्यायचा नाही. वडील हयात असून, त्याच घरात राहत असूनही मुलाच्या बाबतीत पूर्ण बेफिकीर असतील, तर आई पालक म्हणून काम करू शकते. प्रश्न रोख्यांचा होता, पण ज्या घरात मुलाच्या आजाराकडे वडील ढुंकूनही बघत नाहीत त्या घरातल्या आईने हा निकाल लक्षात ठेवावा.

आता आईलाही पटत नसेल, किंवा आई नसेल तर? तिथे २०१७ चा कायदा, जो २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला, कामाला येतो. त्यात अज्ञान मुलाचा कायदेशीर पालक हाच त्याचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ मानला आहे. पण हा पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल, तर डॉक्टर, समुपदेशक किंवा मुलाचे हित पाहणारी कुणीही व्यक्ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकते. पुरावा पटला तर मंडळ त्याच्या जागी दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकते, मग ती मामा असो, आत्या असो वा मोठी बहीण. कुणीच पुढे आले नाही तर राज्याच्या समाजकल्याण खात्याच्या संचालकाला नेमायची तरतूद आहे. राजधानी परिसरात एक घोळ असतो तो ध्यानात ठेवावा: कायदा एकच असला तरी मंडळे राज्यांची आहेत. नोएडा-गाझियाबादचे घर उत्तर प्रदेशात येते, गुरुग्राम-फरिदाबादचे हरियाणात.

अर्थात हा मार्ग लांबचा आहे. बहुतेक घरांत तिथवर जायची वेळ येत नाही, यावी असेही नाही. पण हा मार्ग आहे हे ठाऊक असलेली मावशी फोनवर वेगळ्या आवाजात बोलते.

एक मोठा माणूस शोधायचा

मुलाच्या बाजूने पाहिले तर सारी खटपट एकाच गोष्टीची आहे: ऐकून घेणारा एक मोठा माणूस शोधणे. तो बापच असला पाहिजे असे नाही. दिल्लीतल्या मराठी घरांची अडचण ही की नातेवाईक लांब असतात. करोल बागेत सोने-चांदी गाळण्याचे काम करणाऱ्या कारागिराचे सगळे गणगोत सांगली जिल्ह्यात विटा-खानापूरकडे, सरकारी अधिकाऱ्याचे पुण्या-नागपुरात. शेजारी ‘भाभीजी’ प्रेमळ असतात, पण घरातले असे बोलणे त्यांच्यापाशी काढवत नाही. म्हणून पुण्याच्या मामाला फोन करण्यात संकोच नसावा. पुष्कळ बापांना बायकोचे पटत नाही, मुलीचे तर मुळीच पटत नाही, पण आपल्या मोठ्या भावाचे किंवा ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याचे पटते. हे चांगले आहे असे नव्हे, पण आजारी मुलीच्या घरी तत्त्वाच्या गप्पा नंतर करता येतात.

नेहमीचे फॅमिली डॉक्टर हा दुसरा दरवाजा, आणि तो बापालाही खटकत नाही. झोप लागत नाही, भूक नाही, डोके दुखते, एवढ्या तक्रारीवर तिथे जाता येते. रक्तातले लोह, थायरॉइड यांची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी, कारण थायरॉइड मंदावल्यानेही माणूस असाच मरगळतो. तपासणी निर्दोष आली की डॉक्टर स्वतःच सांगतात, ‘शरीरात काही नाही, मनाच्या डॉक्टरांना दाखवा.’ हेच वाक्य मुलीच्या तोंडून ‘नाटक’ असते आणि डॉक्टरांच्या तोंडून सल्ला होतो.

तिसरा दरवाजा शाळेचा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यात आहे. शिकवणी वर्गही यातून सुटलेले नाहीत. गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत असेही त्यांना बजावले आहे. कागदावरची सूचना आणि शाळेतली खुर्ची यांत अंतर असते. समुपदेशकाच्या खोलीत कधी कधी वार्षिक संमेलनाचे सामान ठेवलेले असते. पण विचारायला हरकत नाही, आणि समुपदेशक नसला तर आवडत्या शिक्षिकेशी बोलावे.

मुलांना एक भीती असते, ‘मॅडम सगळे घरी सांगतील.’ चांगला समुपदेशक पहिल्या भेटीतच सांगतो की काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. मैत्री, अभ्यास, घरातली भांडणे त्याच्यापाशीच राहतात. जिवाला धोका असेल तर मात्र तो गप्प बसू शकत नाही, आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे.

दारे उघडत नसतील तर फोन आहे. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि २० भाषांत बोलता येते, त्यांत मराठीही आहे. मुलाने स्वतः फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही, आईनेही आधी स्वतः करून पाहायला हरकत नाही. घरात मारहाण किंवा छळ असेल तर मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे.

परवानगीची वाट पाहायची नाही तेव्हा

काही खुणा दिसल्या की बाबा काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवायचा. मूल जीव देण्याविषयी बोलू लागले, थट्टेत का होईना; आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले; निरोप घेतल्यासारखे संदेश पाठवू लागले; किंवा कित्येक दिवसांच्या उदासीनंतर अचानक विलक्षण शांत झाले, तर त्याला एकटे सोडू नये. घरातली औषधे आणि घातक वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा, किंवा ११२ वर फोन करावा. जिवाला धोका असेल तर कायदा डॉक्टरांना ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू देतो. पालक जवळ असतील तर त्यांची संमती घ्यायची, पण ते भेटत नाहीत म्हणून उपचार अडत नाहीत.

अनेक आया थेट विचारायला घाबरतात. ‘विचारले तर नको ते डोक्यात येईल’ असे त्यांना वाटते. विचारल्याने ते डोक्यात येत नाही. ‘बाळा, जगणं नको असं वाटतं का तुला?’ हा प्रश्न शांतपणे विचारता येतो. उत्तर ‘हो’ आले तर ओरडू नये, देवाची शपथ घालू नये, ‘मग आमचं काय?’ असेही म्हणू नये. ‘बरं झालं सांगितलंस, आपण आजच कुणाला तरी भेटू,’ एवढे पुरे.

पहिली भेट

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची वही ठेवली तर फार उपयोग होतो. एका साध्या वहीत तारखेपुढे झोप किती तास, जेवण किती, शाळेत गेली की नाही, दिवसातून किती वेळा रडली किंवा चिडली, एवढेच लिहायचे. इहबासला जायचे तर मेट्रोच्या रेड लाइनवर दिलशाद गार्डनला उतरावे. सकाळी लवकर पोहोचावे, ओपीडीची गर्दी मोठी असते. शाळेचे ओळखपत्र, आधार कार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे कागद बरोबर असू द्यावेत. डॉक्टर थोडा वेळ मुलीशी एकटीशी बोलतील, तेव्हा आईने बाहेर बसायचे असते. यात रागवण्यासारखे काही नाही.

आणि बाबा? त्यांना ‘तुमचे चुकले’ हे ऐकवायला पहिल्या भेटीला नेऊ नये, तसे कुणी येत नसते. पण डॉक्टरांना एक गोष्ट हवी असते: मुलगी आजारी पडण्यापूर्वी कशी होती. ती सायकल कधी शिकली, मोठ्याने कशावर हसायची, इंडिया गेटच्या हिरवळीवर आइस्क्रीम कोणते मागायची. हे पुष्कळदा आईपेक्षा बापालाच जास्त आठवते. ‘डॉक्टरांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय’ असे म्हणून ती वही त्यांच्यासमोर ठेवावी. लगेच लिहिणार नाहीत. दोन दिवस ती टीव्हीपाशी तशीच पडू द्यावी.